लिनक्सवर गेम चालतात, बिनधास्त टाका

कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं की गेम विसरायचे, हे अजूनही लोक सांगत फिरतात ना, ते आता जुनं झालं. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन तर १९९३ पासून आहे, पण खरं चित्र पालटलं ते ऑगस्ट २०१८ मध्ये, वाल्व कंपनीने स्टीम या आपल्या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रोटॉन, म्हणजे वाइनवरच बेतलेलं, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर आणलं तेव्हा. म्हणजे होतं काय, गेम लिहिलेला असतो विंडोजसाठी, तो डायरेक्टथ्रीडी या विंडोजच्या भाषेत ग्राफिक्स मागतो आणि मधे बसलेलं, प्रोटॉनमधलंच डीएक्सव्हीके ते तिथल्या तिथे वल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या भाषेत बदलून ग्राफिक्स कार्डला देतं, आणि स्पीड बघाल तर खरंच थक्क व्हाल.

माझ्याकडे मिंट आहे, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे प्रोटॉनचं व्हर्जन निवडायचं, बास. पहिल्यांदा चालू करताना वल्कन शेडर्स (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) प्रोसेस होतायत असा बार येतो, तो स्किप करू नका, चहा टाकून या, नाहीतर खेळताना मधेमधे अटकतं. आणि विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर एकदा बघाच, तिथे लोकांनी गेम कसा चालतो, कुठलं कार्ड, कुठलं व्हर्जन सगळं लिहिलेलं असतं.

अडतं ते अँटी-चीटपाशी, म्हणजे ऑनलाइन गेममधली चीटिंग पकडणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. व्हॅलोरंट, फोर्टनाइट चालत नाहीत. फोर्टनाइटसारख्या गेमांचा मला मनापासून राग येतो, कारण ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय ही अशी दोन्ही सॉफ्टवेअर प्रोटॉनवर चालू शकतात, फक्त गेमवाल्यांनी ते चालू करायला हवं, आणि बरेचजण करत नाहीत.

स्टीम नकोच असेल तर सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम घ्या, पूर्ण ओपन सोर्स, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच मिळतो, एकाच पीसीवर चौघं मिळून खेळता येतं.