जुन्या कंपाऊंड धनुष्याला नवं सामान चढवताना

माझं कंपाऊंड धनुष्य (दोन टोकांना चाकं आणि केबल असलेलं) जुन्या घडणीचं आहे. एक्सल ते एक्सल (दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर) ३८ इंच, ओढीचं वजन ५० पौंड, लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार जितका कमी होतो तो) ६५ टक्के. आता येणारी बरीचशी धनुष्यं याहून आखूड आणि ८० टक्क्यांच्या आसपास लेट-ऑफची असतात. तरी हे बदलायचं मनात आलं नाही. लांब धनुष्य हातात स्थिर राहतं आणि पूर्ण ओढल्यावर स्ट्रिंगचा कोन चेहऱ्यापाशी फार तीव्र होत नाही. रायझर (मधला मुठीचा भाग), लिंब (वाकणारे दोन बाहू) आणि कॅम (टोकांची चाकं) धड असतील तर त्यांच्यावरचं बाकी सगळं बदलता येतं, म्हणून सामान मागवण्याआधी हे तीन भाग तपासायला घेतले.

लिंबवरून कापूस हळूहळू फिरवला. डोळ्यांना न दिसणारी चीर असली तर कापसाचे तंतू तिथे अडकतात. कडांचा थर कुठे सुटतोय का, कॅमच्या खाचेत कुठे टवका उडालाय का, एक्सलवर कॅम डुगडुगतोय का, हेही पाहिलं. लिंबमध्ये चीर दिसली असती तर काम तिथेच थांबवलं असतं. तडा गेलेलं लिंब ताणाखाली फुटतं, त्यात तडजोड नाही.

पहिला खर्च स्ट्रिंग आणि केबलचा. धनुष्य जुनं असलं की बहुतेकांची नजर आधी नव्या साइटवर (नेम धरायच्या पिनांच्या चौकटीवर) जाते. पण स्ट्रिंग जुनी, ताणली गेलेली असेल तर तिच्यावर बसवलेलं पीप (नेम धरताना ज्यातून बघतात ते छोटं भोक) फिरतं, नॉकची (बाणाच्या मागच्या खाचेची) जागा सरकते, कॅम एकमेकांशी जुळत नाहीत. अशा धनुष्यावर कितीही चांगली साइट लावा, आज लावलेली पिन पुढच्या आठवड्यात खोटी ठरते. स्ट्रिंग आणि केबलची लांबी लिंबवरच्या स्टिकरवर छापलेली होती, तीच कळवून संच करून घेतला. इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. फार जुन्या, डेक्रॉन या ताणणाऱ्या धाग्याच्या स्ट्रिंगसाठी बनलेल्या धनुष्यांवर आजचा न ताणणारा धागा चालेलच असं नाही. धक्का थेट लिंब आणि कॅमवर येतो. धनुष्य कोणत्या धाग्यासाठी बनलंय याची खात्री आधी करावी.

स्ट्रिंग बदलायला बो-प्रेस (लिंब दाबून धरणारं यंत्र) लागतोच. त्याशिवाय हे काम करायचं नाही. नवी स्ट्रिंग चढल्यावर एक्सलमधलं अंतर आणि ब्रेस हाइट (मुठीपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर) मोजली आणि केबलला पीळ कमी-जास्त करत दोन्ही आकडे स्टिकरशी जुळवले. पीळ वाढवला की केबल आखूड होते आणि लिंब जास्त वाकतात. मग सोबत्याला बाजूला उभं केलं, बाण लावून लक्ष्याकडे तोंड करून ओढलं आणि वरचा-खालचा कॅम एकाच क्षणी थांब्याला टेकतो का ते त्याला बघायला सांगितलं. हे जुळलं आणि शेवटची ‘भिंत’ (ओढ जिथे थांबते ती जागा) एकदम कडक लागायला लागली. सगळ्या कामात मला सर्वांत जास्त आनंद इथे झाला.

त्यानंतर रेस्ट, म्हणजे बाण टेकवायचा आधार. आधी दोन काट्यांची लाँचर रेस्ट होती, तिच्यावर बाणाची खालची पिसं घासायची. आता ड्रॉप-अवे, म्हणजे बाण सुटताच खाली पडणारी, बसवली. नव्या रेस्ट आणि साइट घेताना त्या कशा बसतात हे बघणं महत्त्वाचं. आजच्या काही वस्तू रायझरवर खास कोरलेल्या खाचेत अडकतात आणि जुन्या रायझरवर ती खाच नसते. साध्या बोल्टने बसणारी रेस्ट मात्र जुन्या भोकात बिनतक्रार बसते. ड्रॉप-अवेची दोरी ओढताना खाली येणाऱ्या केबलच्या धाग्यांमधून ओवून सर्व्हिंगच्या (स्ट्रिंगवर गुंडाळायच्या) दोऱ्याने बांधली. ओढीच्या शेवटच्या दीड-दोन इंचांत रेस्ट पूर्ण वर यावी इतकी तिची लांबी ठेवली. दोरी फार आखूड बांधली तर रेस्ट लवकर वर येते आणि सुटताना पडायला उशीर करते, म्हणजे ज्यासाठी ती लावली तेच होत नाही.

डी-लूपने (स्ट्रिंगला बांधलेल्या छोट्या दोरीच्या फासाने) बराच फरक पडला. पूर्वी रिलीजचा (स्ट्रिंग सोडायच्या साधनाचा) हूक थेट स्ट्रिंगवर लागायचा, त्यामुळे सर्व्हिंग झिजायची आणि नॉकवर खालून ताण यायचा. लूप लावल्यावर ताण नॉकच्या अगदी मागून येतो. लूपच्या दोन्ही टोकांना आच देऊन गोळी केली, गाठी एकमेकींच्या उलट बाजूंना घेतल्या आणि पक्कडीने आवळल्या. लूपमुळे हात साधारण अर्धा इंच मागे गेला, म्हणून मॉड्यूलवर (कॅमवरच्या बदलता येणाऱ्या भागावर) ड्रॉ लेंथ (ओढीची लांबी) एक पायरी कमी करावी लागली. हा भाग पुष्कळदा राहून जातो आणि मग दोष साइटला दिला जातो.

जुन्या पीपला रबरी नळी होती, ती काढून टाकली. नवी स्ट्रिंग फिरत नाही, त्यामुळे नळीची गरज उरली नाही. पीप किंचित तिरकं येत होतं, तेव्हा स्ट्रिंगचा एक पदर एका बाजूकडून दुसरीकडे घेतला आणि ते सरळ झालं. पीपच्या वर्तुळात साइटची गोल कड नेमकी मावेल अशी उंची साधून मगच ते बांधून टाकलं.

साइट बसवायला फार वेळ लागला नाही. लेव्हलचा बुडबुडा स्ट्रिंगच्या रेषेशी जुळवून घेतला, तेवढं पुरलं. बाण डावीकडे पडला की साइट डावीकडे, वर पडला की वर, हा नियम लक्षात ठेवला की झालं.

ट्यूनिंग मात्र निवांत केलं. सुमारे दोन मीटरवर चौकटीत कागद ताणून त्यातून बाण सोडले. सुरुवातीला फाट वरच्या बाजूला लांबत होती, म्हणजे बाणाचं शेपूट वर जात होतं. पिसांवर पावडर मारून ती कुठे घासत नाहीत याची खात्री केली, मग रेस्ट अगदी थोडी वर घेतली. पुढे २० मीटरच्या पिनने एकाच खुणेवर नेम धरून २०, ३०, ४० मीटरवरून बाण मारले. ते एका उभ्या रेषेत पडायला हवेत. माझी रेषा डावीकडे कलत होती, रेस्ट केसभर उजवीकडे सरकवल्यावर सरळ झाली. बाण ३५० ग्रेन वजनाचे ठेवले. ५० पौंडाला २५० ग्रेनपेक्षा हलका बाण लावू नये, कारण फार हलका बाण म्हणजे धनुष्य रिकामंच सोडल्यासारखं होतं. जुन्या लिंबांना मी त्याहून बरंच झुकतं माप दिलं.

एक भाग जाणूनबुजून तसाच ठेवला, तो लेट-ऑफ. ६५ टक्क्यांवर ओढ धरताना हाताला साडेसतरा पौंड जाणवतात, ८० टक्क्यांवर दहाच. पण हे जास्तीचे पौंड पाठीचे स्नायू कामाला लावतात आणि पिन कमी तरंगते. म्हणून पुढे लांब स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा) आणि मागे छोटा तोलाचा दांडा लावला आणि मॉड्यूलला त्यापुढे हात लावला नाही.