एलिफंटाला सासूबाईंसोबत: बोटीआधी जाऊन या

लोणावळ्याला चहावाला आला तसा सासूबाईंनी हात हलवला. "नको गं बाई, मग मुंबईत बाथरूम शोधत हिंडावं लागेल." सव्वासातची डेक्कन क्वीन सीएसएमटीला लागेपर्यंत त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. एप्रिलच्या घामात हा उपास म्हणजे उन्हाळी लागायला आमंत्रणच. गेल्या वर्षी लागली होतीच. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी तोडू नका, लघवी तुंबवू नका.

म्हणून स्टेशनातच आधी जाऊन आलो, मग बाटली उघडली. गेटवेहून एलिफंटाला बोटीने साधारण तास लागतो, तेव्हा तिथेही बोटीत चढण्याआधी उरकून घ्या. (लेणी सोमवारी बंद असतात.)

परत आल्यावर ज्या शौचालयात गेलो, तिथली कडी नुसती लोंबकळत होती. मी बाहेरून दार धरून उभी आणि आतून दर अर्ध्या मिनिटाला "आहेस ना गं?" एकटं असाल तर सुतळीचा तुकडा जवळ ठेवा. कडीच्या भोकातून ओवून धरता येतो. आत जाण्याआधी निऱ्या वर खोचा, सलवार दुमडा, आणि मोबाइल मागच्या खिशात मुळीच नको.

कमोडवर बसून रोग लागतात, ही भीती घरोघरी आहे. कोरड्या सीटवरून सहसा काही लागत नाही. सीट पुसा, टिश्यू घाला आणि खुशाल बसा. चपलांसकट वर चढून उकिडवं बसणारे मात्र पाय मोडून घेतात आणि पुढच्यासाठी चिखल ठेवून जातात. बाधतं ते कडी, नळ, फ्लश यांवरून हाताला लागून तोंडात जातं ते. त्यामुळे साबणाने वीस सेकंद हात धुणं महत्त्वाचं. हात मळलेले असले तर सॅनिटायझरचा फारसा उपयोग नाही.

साबण तिथे असेलच असं नाही. मेडिकलमधून कागदी साबणाची डबी घ्या, पण ओलं बोट आत घालू नका. आमच्या डबीतले सगळे कागद चिकटून एक वडी झाली, मग नखाने खरवडून हात धुतले! पॅड कागदात गुंडाळून कचरापेटीत टाका, भांड्यात नको.

सुटे पैसे हाताशी ठेवा. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, यावरून मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' चळवळ चालली, तरी दारातल्या टेबलाशी हुज्जत अजून चालूच असते.

परतीच्या गाडीत चहावाला आला. सासूबाईंनी दोन कप सांगितले, दोन्ही स्वतःसाठी.