तुम्ही विचारलंत म्हणून: नेमके कारण काय निघाले?

गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशननंतर मला भोवळ यायची आणि छातीत धडधडायचे. "शेवटी त्याचं नेमकं कारण काय निघालं?" हा प्रश्न गेल्या दीड वर्षात मला शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नकार्यात आणि भाजीच्या गाडीपाशीही विचारला गेला आहे, आणि मी दुसऱ्या वाक्यावर येण्याआधीच "म्हणजे अशक्तपणाच ना?" असे म्हणून विचारणाऱ्यांनी तो स्वतःच निकालात काढला आहे. त्यापाठोपाठ येते ते "मग आधी का नाही सांगितलंस?" म्हणून एकदा लिहूनच सांगते. पिशवी काढण्याची वेळ का आली हे तुम्हाला ठाऊक आहे, ते सोडून देते.

अशक्तपणा होताच. ऑपरेशननंतर माझे हिमोग्लोबिन ८.४ होते. रक्त कमी असले की आहे तेवढ्यावर शरीराला प्राणवायू पुरवण्यासाठी हृदयाला अधिक वेगाने धावावे लागते, त्यामुळे छातीत धडधडते. त्यात रक्तदाबाची गोळी मी जुन्या सवयीने रोज सकाळी घेत राहिले, आणि वरचेवर उठून टाक्यांवर ताण नको म्हणून पाणीही बेताचेच प्यायले. पाचव्या दिवशी नणंदेने घरच्या यंत्रावर मोजले तेव्हा वरचा दाब आडवी असताना ११८ आणि उभी राहिल्यावर ९४ भरला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत तो २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर डॉक्टर त्याची दखल घेतात. आम्ही त्याच दिवशी फोन केला, गोळी तात्पुरती थांबवायला सांगण्यात आले, आणि दोन दिवसांत भोवळ निम्म्याने कमी झाली. म्हणजे मी गप्प बसले होते हे खरे नाही.

नवव्या दिवसाची गोष्ट निराळी आहे. पहाटे न्हाणीघरातून येऊन कॉटवर बसले आणि पाणी पिण्यासाठी तांब्या ओठांपाशी नेला, तर एक घोट गिळण्यापुरताही श्वास थांबवता येईना. तांब्या तसाच खाली ठेवला. हे लिंबू-साखरेचे पाणी करायला उठले, मी म्हटले, "राहू द्या, जरा पडते, वाटेल बरं." आधीची भोवळ उभे राहिले की यायची आणि आडवे झाले की ओसरायची. त्या दिवशी वीस मिनिटे निपचित पडूनही उशीला टेकलेल्या कानात ठोके ऐकू येत राहिले. मुलीने कपाटातून करोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर काढला. त्याचे सेल संपलेले होते, म्हणून तिने टीव्हीच्या रिमोटमधले काढून घातले. नाडी १२७, प्राणवायू ९०. मी म्हटले, यंत्र जुने आहे, चुकत असेल. तिने काही न बोलता ते स्वतःच्या बोटाला लावून माझ्यासमोर धरले: ७६ आणि ९८. तरीही मी म्हटले, "दहा वाजता फोन करू, आता कोणाला उठवायचं?" तिने शेजारच्या काकांना उठवले.

हॉस्पिटलात काढलेल्या ईसीजीमध्ये ठोके वेगवान असले तरी लय नियमित होती, म्हणजे हृदयाची लय बिघडलेली नव्हती. ताप नव्हता, टाके कोरडे होते, तेव्हा जंतुसंसर्गही मागे पडला. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी दिसली. डॉक्टरांनी पाय तपासताना डावी पोटरी दाबली आणि मी कळवळले. ती दोन दिवसांपासून दुखत होती, आणि हे मात्र मी खरोखरच कोणाला सांगितले नव्हते. पडून पडून अवघडली असेल असे मीच ठरवून टाकले होते. पुढे पोटात इंजेक्शने आणि तीन महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागल्या.

तेव्हाच्या मला आज जाब विचारते, तेव्हा ती म्हणते की पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, पोटरीचा आणि छातीचा असा संबंध असतो हे मला कोण सांगणार होते? हॉस्पिटलातून निघताना दिलेल्या कागदावर ते छापलेले होते, हे मी नंतर वाचले. ती म्हणते की घरात एका आजाऱ्याचे किती जणांनी करायचे? याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या; ज्या घरांत आई, मावशी, जाऊ सगळ्यांनाच अधूनमधून गरगरते, तिथे माझे गरगरणे वेगळे कोणाला वाटणार होते?

मला अधिक छळते ते वेगळेच. रक्त कमी म्हणून चक्कर येत होती, चक्कर येते म्हणून मी पडून राहिले, आणि ऑपरेशननंतरचे रक्त आधीच गोठण्याकडे झुकलेले असताना पाय असे निश्चल राहिले की शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणजे पहिल्या कारणानेच दुसऱ्याला वाट करून दिली असावी. गुठळी नेमकी कधी धरली, आधीच्या दिवसांतली थोडी धडधडही तिचीच होती का, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारले, आणि मागाहून ते सांगता येत नाही असेच दोन्ही वेळा त्यांनी सांगितले. हे अजून म्हणतात की त्यांनी मला उठू दिले नाही. मी म्हणते, त्यांनी दोनदा हात पुढे केला होता, मीच "संध्याकाळी चालते" म्हणाले होते. त्यांना तसे झाल्याचे आठवत नाही.