तुम्ही विचारलंत म्हणून: मायर आणि ते पडणं

हर्मान मायर माझा आवडता स्कीपटू, असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे नागानोत पडला होता तोच ना? तीन दिवसांत उभा कसा राहिला हो?"

हो, तोच ऑस्ट्रियाचा. जपानमधल्या नागानोचं हिवाळी ऑलिम्पिक, १३ फेब्रुवारी १९९८, त्यातून वार शुक्रवार. हाकुबाच्या उतारावर डाउनहिल, म्हणजे स्कीमधली सगळ्यात वेगवान शर्यत. वळण त्याने फार आतून धरलं, स्कींखाली हवा शिरली आणि गडी आडवा होऊन उडाला. वेग ताशी शंभराच्या पुढे. खांद्या-डोक्यावर आपटला, जाळ्या तोडून पलीकडच्या भुसभुशीत बर्फात गेला. मग उठला आणि चक्क हात हलवला. १६ तारखेला सुपर-जीचं (डाउनहिलपेक्षा जास्त वळणांची शर्यत) सुवर्ण, १९ला जायंट स्लॅलमचं (त्याहूनही जास्त वळणांची). कसा उभा राहिला म्हणाल, तर बर्फ मऊ होता आणि खराब हवेमुळे सुपर-जी पुढे ढकलली गेली होती. गुडघा-खांदा दुखावला होता, पण मोडलं काही नव्हतं. जिद्द होतीच, नशीबही होतं.

पण मला तो आवडतो तो त्याआधीच्या वर्षांमुळे. पंधराव्या वर्षी त्याला श्लाडमिंगच्या स्की-शाळेतून घरी पाठवलं होतं. अंगाने किरकोळ, त्यात वाढत्या वयातली गुडघेदुखी. मग तो गवंडी झाला. उन्हाळ्यात विटा रचायच्या, हिवाळ्यात फ्लाखाऊ या त्याच्या गावी वडिलांच्या स्की-शाळेत लोकांना शिकवायचं. बरोबरीची मुलं संघात पोचत होती, हा ओळंबा धरून भिंती सरळ करत होता. जानेवारी १९९६मध्ये फ्लाखाऊतच वर्ल्ड कपची, म्हणजे हंगामभर ठिकठिकाणी चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेतली, जायंट स्लॅलम होती आणि त्याला फोररनर म्हणून सोडलं. शर्यतीआधी वाट कशी आहे ते बघत खाली जातो तो फोररनर. त्याची वेळ निकालात धरत नाहीत. याची धरली असती तर बारावा आला असता! तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. नागानो त्यानंतर दोनच वर्षांनी.

आणि दुसरं कारण २००१चं. ऑगस्टमध्ये मोटारसायकलला अपघात झाला, उजव्या पायाचा गुडघ्याखाली चुराडा. पाय कापावा लागतो की काय, इथपर्यंत वेळ आली होती. सॉल्ट लेक सिटीचं ऑलिम्पिक अर्थातच हुकलं. जानेवारी २००३मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आडेलबोडेनला शर्यतीत परतला, तर दुसऱ्या फेरीतही पोचला नाही. लोकांनी मनातल्या मनात निरोप देऊन टाकला असणार. मी तरी दिला होता. दोन आठवड्यांनी ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलची सुपर-जी त्याने जिंकली. पायात टायटॅनियमची सळई होती. पुढच्या वर्षी हंगामातल्या सगळ्या शर्यतींचा मिळून एकूण वर्ल्ड कपही, चौथ्यांदा.

नागानोची चित्रफीत सगळेच पाठवतात मला. किट्झब्यूलची अजून कुणी पाठवलेली नाही.