आवक दिसायली, उठाव दिसंना

आमचं ऑफिस लातूरला औसा रोडवर, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. माणसं सहा. अडत दुकानांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवतो: शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, खरेदीदारांची उधारी. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढली की मार्केट यार्डात पाय ठेवायला जागा नसते आणि आमच्या फोनला उसंत नसते. ‘हमाली दोनदा कापली’, ‘पट्टी अर्धीच छापायली’, ‘कालचा सौदा आज दिसंना’. प्रत्येक तक्रारीचं जिरामध्ये, म्हणजे कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिकीट होतं. ती तिकिटं उघडायची, वाटून द्यायची आणि निघाली की नाही बघायचं, हे काम माझं.

दिवाळीच्या आधी भैय्या म्हणाले, “रोज किती येतात अन् किती निघतात, एका नजरेत दिसंल असं काही कर की.” भैय्या म्हणजे मालक, सर म्हटलेलं त्यांना आवडत नाही. घरची अडत, त्यामुळे आवक आणि उठाव हे दोन शब्द त्यांना पाळण्यातच कळलेले.

मला वाटलं, चहा येईपर्यंत होईल. जिराच्या डॅशबोर्डवर ‘क्रिएटेड व्हर्सेस रिझॉल्व्ह्ड’ नावाचं तयार गॅजेट, म्हणजे चार्टची चौकट, असतं. प्रोजेक्ट नाहीतर फिल्टर, म्हणजे सेव्ह केलेला शोध, द्यायचा, पिरियड रोजचा ठेवायचा, मागचे 30 दिवस सांगायचे, झालं. उघडलेल्या तिकिटांची रेघ लाल, निघालेल्यांची हिरवी, आणि मधली जागा जी रेघ वर असेल तिच्या रंगानं भरते. मी जोडलं. लाल रेघ जिना चढल्यासारखी वर, आणि हिरवी जमिनीला चिकटलेली. एकही तिकीट निघालेलं नाही!

पहिली चूक लगेच सापडली आणि लाज वाटली. मी माझा रोजचा ‘बाकी कामं’वाला फिल्टर दिला होता. त्यात अटच अशी की रिझोल्यूशन, म्हणजे तिकिटाच्या निकालाची नोंद, झालेलं नसलेली तिकिटंच दाखव. मग निघालेली येणार कुठून? सगळी तिकिटं धरणारा नवा फिल्टर केला आणि भैय्यांना लिंक पाठवली. त्यांच्याकडे चौकट रिकामी. डॅशबोर्ड शेअर केला होता, पण त्यामागचा फिल्टर माझ्यापुरताच राहिला होता. तोही शेअर केला.

आता हिरवी रेघ उचलली, पण जेमतेम. पोरं रात्री आठ-आठपर्यंत बसलेली मी डोळ्यांनी बघितली होती. भैय्यांनी माझ्या खुर्चीमागं उभं राहून विचारलं, “आवक दिसायली, मग उठाव कामून दिसंना?” मागच्या टेबलावरचा कीबोर्डचा आवाज थांबला. वातावरण काही बरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यादी उघडून नुसती बघत बसले. तेव्हा एक गोष्ट डोळ्यात भरली. काही तिकिटांच्या नंबरांवर आडवी काट मारलेली, काहींवर नाही. आणि स्टेटस मात्र दोन्हींचं ‘निकाली’. जिरा तो नंबर खोडतं ते रिझोल्यूशन भरलेलं असलं तर. स्टेटस वेगळं, रिझोल्यूशन वेगळं. हा चार्ट स्टेटसकडे बघतच नाही, तो रिझोल्यूशन पडल्याची तारीख मोजतो. आपण म्हणतो ‘काम झालं’, पण वहीत भरणा लिहिलाच नाही तर खातं उघडंच राहणार, तसं.

आणि लिहिलं का गेलं नाही? तर वर्षभरापूर्वी वर्कफ्लोमध्ये, म्हणजे तिकीट ज्या पायऱ्यांनी पुढं जातं त्या आखणीत, ‘ग्राहकानं तपासलं’ नावाची एक पायरी मीच मोठ्या हौसेनं घातली होती. जुन्या वाटेनं ‘निकाली’ला गेलेल्या तिकिटांवर रिझोल्यूशन आपोआप पडत होतं. माझ्या नव्या वाटेवर ती सोय करायची राहून गेली. जी पोरं ग्राहकाला फोन करून नीट खात्री करून घ्यायची, नेमकी त्यांचीच तिकिटं मोजली जात नव्हती. हे त्यांना सांगताना आवाज जरा बारीकच झाला.

स्टेटस ‘निकाली’ आणि रिझोल्यूशन रिकामं, असा शोध लावला. 64 तिकिटं. त्या नव्या वाटेला (जिराच्या भाषेत ट्रान्झिशन) पोस्ट फंक्शन, म्हणजे आपोआप होणारी कृती, जोडलं: इथून पुढं जाताना रिझोल्यूशन ‘डन’ कर. उलट्या वाटेवर, म्हणजे तिकीट पुन्हा उघडताना, रिझोल्यूशन पुसायचंही जोडलं. ते नसेल तर उघडं तिकीटही निघालेलं म्हणून मोजलं जातं. याचा एक परिणाम मात्र आधी सांगून ठेवलेला बरा. मंगळवारी निघालेलं तिकीट गुरुवारी पुन्हा उघडलं की मंगळवारचा हिरवा आकडा एकनं कमी होतो. “काल सात होते, आज सहा कसे?” हा प्रश्न येतोच.

पोस्ट फंक्शन जुन्या तिकिटांना शिवत नाही. त्यासाठी ‘निकाली’तून परत ‘निकाली’त नेणारी एक वाट केली, तिलाही तेच पोस्ट फंक्शन दिलं आणि बल्क चेंजनं, म्हणजे एका झटक्यात, 64 च्या 64 तिकिटं तिच्यावरून फिरवली. नंबर खोडले गेले. पण रिझोल्यूशनची तारीख पडली ती त्याच दिवसाची. स्क्रीनवरून ती मागं नेता येत नाही.

मग राहिला प्रश्न काउंट की क्युम्युलेटिव्ह. काउंट म्हणजे रोजमेळ, त्या त्या दिवसाचा आकडा. रेघ वर-खाली नाचते. क्युम्युलेटिव्हमध्ये बेरीज चढत जाते आणि दोन रेघांमधलं अंतर लगेच कळतं. मी क्युम्युलेटिव्ह लावलं. भैय्यांनी दोन मिनिटं बघून नेमकं बोट ठेवलं, “दोन्ही रेघा शून्यापासून कामून? मागची शिल्लक धरली नाही का?” नाही धरत. बेरीज त्या 30 दिवसांचीच असते, त्याआधी तुंबलेली तिकिटं तिच्यात येत नाहीत. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणून शिल्लक दाखवायला शेजारी माझा तोच जुना ‘बाकी कामं’ फिल्टर वेगळ्या गॅजेटमध्ये लावला. आणि चार्ट परत काउंटवर आणला, कारण बल्कच्या दिवशी हिरवी बेरीज एकदम उडी मारून लालच्या वर गेली होती आणि तिथून पुढचं काहीच खरं वाटत नव्हतं.

काउंटमध्ये तो दिवस आता देवळाच्या कळसासारखा एकटाच उंच दिसतो. डॅशबोर्डवर त्याचा खुलासा लिहून ठेवलाय, तरी जो येतो तो विचारतोच. परवा हिशोब बघणारे काका चष्मा वर करून म्हणाले, “त्या दिवशी काय सगळे जेवायचं सोडून बसले होते की काय?” 30 दिवसांच्या खिडकीतून तो दिवस बाहेर जायला अजून अकरा दिवस आहेत.