जिनिव्हाची भिंत आणि कडेच्या दगडावरचे नाव

जिनिव्हाचे कारंजे आणि तुटक्या पायाची ती अवाढव्य खुर्ची सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते, म्हणून त्यांच्याविषयी लिहीत नाही. मला अडवले ते बास्तियाँ बागेतल्या धर्मसुधारणेच्या भिंतीने. सोळाव्या शतकातल्या ज्या चळवळीतून प्रोटेस्टंट पंथ निघाला, तिचे हे स्मारक. जिनिव्हातल्या त्या चळवळीचा पुढारी कॅल्व्हिन याच्या जन्माला 400 वर्षे झाली तेव्हा, 1909 साली, सुमारे शंभर मीटर लांबीच्या या स्मारकाची पायाभरणी झाली. मधोमध फारेल, कॅल्व्हिन, बेझ आणि नॉक्स हे पायघोळ झग्यांतले पाच मीटर उंचीचे चौघे उभे आहेत, आणि चेहरे असे की गृहपाठ न केलेल्या वर्गासमोर मास्तर उभे असावेत.

स्त्रीने राज्य करणे हे निसर्गाच्या आणि देवाच्या विरुद्ध आहे, असे ठासून सांगणारी पुस्तिका यांतल्या स्कॉटिश नॉक्सने 1558 मध्ये जिनिव्हातच छापली होती. त्याच्याच परंपरेतल्या स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सनबाईंनी पुढे मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, हे गिरगावकरांना तरी सांगायला नको.

या भिंतीवर एका बाईचेही नाव आहे. मारी दांतिएर ही जोगीण मठ सोडून धर्मसुधारणेत आली होती. पुरुषांसाठी एक आणि स्त्रियांसाठी दुसरे, अशी दोन शुभवर्तमाने आहेत काय, असा प्रश्न तिने 1539 मध्ये नावारच्या राणीला लिहिलेल्या छापील पत्रात विचारला. त्याबरोबर जिनिव्हाच्या नगरपरिषदेने प्रती जप्त केल्या आणि मुद्रकाला अटक केली. तिचे नाव स्मारकावर यायला 2002 साल उजाडले, तेही कडेच्या एका दगडावर, तीन पुरुषांच्या नावांसोबत. आमचा मार्गदर्शक तिकडे न वळताच बुद्धिबळाच्या मोठ्या पटांकडे निघाला. मी विचारले, तेव्हा ‘हो, एक बाईही आहेत’ एवढेच म्हणाला. एवढे पैसे मोजून हे ऐकायचे, याचा मला मनस्वी राग आला.

चौघांच्या दोन्ही बाजूंना लहान पुतळे आहेत. त्यांतला ब्रँडेनबुर्गचा फ्रीडरिश विल्हेल्म इथे फ्रान्समधल्या निर्वासित प्रोटेस्टंटांचा आश्रयदाता म्हणून मिरवतो. त्यानेच 1682 मध्ये आफ्रिकेशी व्यापार करणारी कंपनी स्थापन केली आणि त्या कंपनीने गुलामांचीही खरेदी-विक्री केली, याचा मागमूस मला भिंतीवर कुठे दिसला नाही.

चर्च आणि शासन यांची फारकत जिनिव्हाने 1907 मध्येच कायद्याने मान्य केली. पण सार्वजनिक बागेतला हा अवाढव्य कॅल्व्हिन शहराचा ‘वारसा’ ठरतो, आणि 1996 मध्ये इथल्या एका मुस्लिम प्राथमिक शिक्षिकेच्या डोक्यावरचा रुमाल मात्र ‘धर्म’ ठरला. तो उतरवण्याचा आदेश 2001 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही उचलून धरला, आणि त्यासाठी स्त्री-पुरुष समानतेचा दाखला दिला. दांतिएरला साडेचारशे वर्षे ताटकळत ठेवणाऱ्या शहराच्या बाजूने हा दाखला यावा, हे मला पचत नाही. भिंतीसमोरच विद्यापीठाची इमारत आहे. तिथे एखादी मुलगी रुमाल बांधून पदवी घेऊ शकते; पण याच शहराच्या सरकारी शाळेत शिकवायचे झाले, तर तिला तो काढावा लागतो.