पॉलिसीचं दुसरं पान

नागपूरच्या ऑटोमोटिव्ह चौकाजवळ माझा ठिय्या आहे. एक फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठीवर अख्खी गाडी चढवून नेणारा ट्रक, एक जुनी क्रेन, एक पोऱ्या आणि एक पत्र्याची टपरी, जिला मी ऑफिस म्हणतो. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या उचलून आणायच्या, हा धंदा. अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत माझ्याकडे खुशीत आलेला माणूस मी पाहिलेला नाही.

ओळखीचे लोक लग्नकार्यात गाठून एकच विचारतात. "भाऊ, ते रोडसाइड असिस्टन्सचं वर्षाचं कार्ड घेऊ का? पैसे वसूल होतात का?" म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडली की मदत पाठवणाऱ्या कंपनीची वर्षाची वर्गणी. आधी मी हसून सांगायचो, कार्ड कोणत्याही रंगाचं घ्या, नागपुरात गाडी बंद पडली तर येणार मीच. ते खोटं नाही. तीन असिस्टन्स कंपन्यांच्या पॅनेलवर मी आहे. तुमचा फोन दूर कुठल्यातरी शहरात वाजतो, तिथला पोरगा हिंदीत तुमचं लोकेशन विचारतो आणि पाच-दहा मिनिटांत केस माझ्या मोबाइलवर पडते. कंपनी निराळी, टोपी निराळी, फ्लॅटबेड तोच.

फरक असतो तो पैशात. आमच्यात दोन शब्द आहेत, कंपनीची केस आणि पार्टीची केस. कंपनीच्या केसला दर ठरलेला, तोही कमी, आणि पैसे यायला दीड महिना. वर भानगडी: जागेवरचे चारही बाजूंचे फोटो, किलोमीटरच्या काट्याचा फोटो, गिऱ्हाइकाकडून ओटीपी. एक फोटो राहिला की बिल अडकलं. पार्टीची केस म्हणजे मालकानं सरळ मला फोन केला, भाव ठरला, गाडी पोचवली, रोख घेतले. मला कुठली आवडते ते सांगायला नको.

मागच्या वर्षी नवतप्यातली, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतली गोष्ट. दुपारचे दोन वाजत आले होते. ऊन मी म्हणत होतं. पोऱ्या टपरीत ओला दुपट्टा डोक्यावर टाकून पडला होता. सकाळपासून तीन केसेस झाल्या होत्या, तिन्ही बॅटरीच्या. थंडीत बॅटरी जाते असं लोकांना वाटतं, आमच्याकडे तिला ऊनच खातं. मे महिन्यात निम्म्याहून जास्त फोन तेवढ्यासाठीच येतात. तेवढ्यात मनीषनगरकडच्या एका ओळखीच्या मेकॅनिकचा फोन आला. त्याचं एक जुनं गिऱ्हाईक, म्हातारं जोडपं, जबलपूरहून लग्न आटोपून परत येत होतं. गाडी देवलापारच्या अलीकडे जंगलात बंद. गाडी ऑटोमॅटिक.

मी काकांना फोन लावला. आवाज शांत होता, पण मागून काकूंचा आवाज येत होता आणि तो शांत नव्हता.

"भाऊ, इंजिन चालू आहे, गिअर पडतो, पण गाडी जागची हलत नाही. इथं एक ट्रकवाला थांबला आहे. दोर बांधून मनसरपर्यंत टोचन करून देतो म्हणतो. पाचशे मागून राहिला आहे."

"काका, टोचन करू नका," मी ओरडलोच. "काहीही झालं तरी नको."

साध्या गाडीला टोचन चालतं. न्यूट्रलला टाकली, दोर बांधला, पुढचा हळू चालवणारा असला की झालं. ऑटोमॅटिकचं तसं नाही. तिच्या गिअरबॉक्समधलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, चाकं फिरतायत, म्हणजे आतले भाग कोरडे घासतायत. वीस-पंचवीस किलोमीटर तसं ओढत आणलं तर पाचशे रुपये वाचवायच्या नादात गिअरबॉक्स बसू शकतो, आणि त्याचा खर्च लाखाच्या भाषेत बोलतात. अशी गाडी एकतर फ्लॅटबेडवर चढवायची, नाहीतर ज्या चाकांना ताकद जाते ती वर उचलायची. इलेक्ट्रिक गाड्यांचंही तेच.

"किती होतील?" काकांनी विचारलं.

"साडेसहा हजार. मनीषनगरला गॅरेजपर्यंत पोचवून."

पलीकडे क्षणभर काही नाही. मग, "या."

कामठी, कन्हान, मनसर. मनसरनंतर झाडी दाट होते आणि मोबाइलची दांडी एक-एक करत जाते. पेंचचं जंगल. जनावरांना खालून जाता यावं म्हणून इथं हायवेच उचलून पुलावर घेतला आहे. वाघ खालून, ट्रक वरून. असाच एक पूल उतरल्यावर गाडी दिसली. पिवळे दिवे लुकलुकत होते, मागे लाल त्रिकोण नीट मोजून लावल्यासारखा दूर ठेवलेला. काका-काकू कठड्याच्या पलीकडे सागाच्या झाडाखाली बसले होते. सागाला मे महिन्यात पानं ती किती, सावली नावालाच.

काकू मला पाहताच म्हणाल्या, "किती वेळ रे! एक वाजतापासून बसून आहो आम्ही इथं. पाणी संपलं."

पोऱ्यानं आमचा कॅन दिला. काकांनी तोवर हकिगत सांगितली. काका कोषागारातून निवृत्त झालेले. सांगण्यातसुद्धा अनुक्रमांक. आधी त्यांनी १०३३, महामार्गाचा मदतीचा नंबर, लावला होता. टोलची गस्तीची गाडी आली, माणसं चांगली होती, पण राष्ट्रीय महामार्गावरची ती सोय गाडी वाटेतून काढून सुरक्षित जागी ठेवण्यापुरती. नागपूरच्या गॅरेजपर्यंत नेऊन देणं त्यांचं काम नाही. मग पुण्याच्या मुलाला फोन. मुलानं तिथूनच मोबाइलवर अठराशे रुपये भरून एका कंपनीची मेंबरशिप काढली आणि लगेच मदत मागितली. कंपनी म्हणाली, अभिनंदन, तुमची मेंबरशिप सात दिवसांनी चालू होईल.

पोऱ्या फिस्सकन हसला. मी त्याला डोळ्यांनी दाबलं. तसं पाहिलं तर कंपनीचं काही चुकलं नव्हतं. घराला आग लागल्यावर विमा काढता आला असता तर आधी कोणी कशाला काढला असता? पण मुलाच्या जिवाची तगमगही समजण्यासारखी. आई-बाप जंगलात, आपण पुण्यात, हातात फक्त मोबाइल. त्यानं मोबाइलला जे करता येतं ते केलं.

गाडीखाली पाहिलं. तेलाचं थारोळं. कुठलासा पाइप सुटला असावा. गाडी चढवायच्या आधी मी आरसी आणि इन्शुरन्स पाहतोच. चढवताना काही खरचटलं, वाटेत काही झालं, तर कागद जिवंत आहेत का ते आधी माहीत असलेलं बरं. काकांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून प्लॅस्टिकची फाइल काढून दिली. पॉलिसीची छापील प्रत, पंच केलेली, वर निळ्या शाईनं नूतनीकरणाची तारीख. आजकाल सगळ्यांची पॉलिसी मोबाइलमध्ये कुठेतरी गाडलेली असते.

पहिलं पान तारखेसाठी पाहिलं. दुसरं सवयीनं उलटलं. तिथं ॲड-ऑनची, म्हणजे जादा हप्ता भरून जोडलेल्या सोयींची, यादी होती. झिरो डेप. त्याखाली इंजिन प्रोटेक्ट. आणि त्याखाली, रोडसाइड असिस्टन्स. हप्ता दोनशे रुपयांच्या आतबाहेर. बाजूला हेल्पलाइनचा नंबर. टोइंग पन्नास किलोमीटरपर्यंत मोफत, पुढे किलोमीटरप्रमाणे.

म्हणजे काकांकडे मदत आधीपासून होती. एजंटनं जोडून दिली असेल, यांनी सही केली असेल, विसरले असतील. अठराशे वाया, तीन तास उन्हात वाया, आणि आता साडेसहा हजार.

मी हिशोब केला. करायला नको होता, पण झाला. ही केस पॉलिसीतून गेली असती तर इथून गॅरेज सत्तरच्या आसपास, म्हणजे वरच्या वीसेक किलोमीटरचे काकांना हजाराच्या आत पडले असते. मला कंपनीकडून तीन-साडेतीन हजार, दीड महिन्यानं. तेही केस माझ्याकडेच पडली तर. डिझेल मी जाळून आलो होतो. दोन तारखेला फ्लॅटबेडचा हप्ता होता.

फाइल बंद केली, कप्प्यात ठेवली. पोऱ्याला म्हटलं, "विंच सोड."

मनसरला चहाच्या टपरीवर थांबलो. काका-काकू माझ्या केबिनमध्येच बसून आले होते. वाटेत काकूंनी डब्यातली लग्नाची बुंदी आम्हाला दिली. पोऱ्याला विचारलं, शाळा कुठवर शिकला, आई काय करते. त्या पंचवीस किलोमीटरमध्ये ती बुंदी माझ्या घशाखाली नीट उतरली नाही. चहा हातात आल्यावर मी बोललो.

"काका, तुमच्या पॉलिसीत असिस्टन्स आहे. दुसऱ्या पानावर. त्या नंबरला फोन लावून पाहा."

पोऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला उन्हाचा झटका बसला. बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, कायले सांगून राहिले तुम्ही?"

काकांनी फोन लावला. स्पीकरवर. पलीकडची मुलगी नम्र होती. पॉलिसी नंबर जुळला, कव्हर चालू होतं. मग तिनं विचारलं, गाडी आत्ता कुठे आहे? काकांनी जे होतं ते सांगितलं. गाडी मनसरला आहे, दुसऱ्या गाडीवर चढवलेली आहे, बंद देवलापारजवळ पडली होती.

मुलगी म्हणाली, सर, गाडी आधीच उचलली असेल तर सेवा देता येत नाही. आधी केस नंबर, मग उचलणं. बाहेरून केलेल्या टोइंगचे पैसे परत देण्याची सोय तुमच्या प्लॅनमध्ये नाही.

मला ते माहीत होतं. म्हणजे, माहीत असायला हवं होतं. मी खालच्या आवाजात एक मार्ग सुचवला. गाडी इथं खाली उतरवतो, फोटो काढतो, मनसरला बंद पडली म्हणून सांगा. मनसरहून अंतर पन्नासच्या आसपासच, फारसं काही लागणार नाही. केस माझ्याकडे येईल की कन्हानच्या दुसऱ्या कोणाकडे, ते नशीब.

काकांनी चष्मा काढला, पुसला. "बंद इथं पडली नाही ना पण."

"काका, लोक करतात."

"करत असतील. छत्तीस वर्षं मी लोकांची बिलं तपासली, भाऊ. तारीख आणि ठिकाण, यावरच तर पकडायचो."

विषय संपला. मी चहाचे पैसे द्यायला उठलो, तेव्हा काकू मागे आल्या. हळूच म्हणाल्या, "तू तिथंच वाचलं होतंस ना ते? जंगलात? मी पाहत होते तुझ्याकडे. पान उलटलंस आणि थांबलास."

टपरीवाला सुटे मोजत होता. मी म्हटलं, "हो."

त्या काही बोलल्या नाहीत. जाऊन केबिनमध्ये बसल्या. मनसर ते मनीषनगर एक शब्द नाही. पोऱ्यालासुद्धा काही विचारलं नाही. कन्हानच्या पुलावर ट्रॅफिक होतं, तिथं वीस मिनिटं आम्ही चौघं नुसते समोर बघत बसलो.

गॅरेजला गाडी उतरवली. काकांनी पाकिटातून पाचशेच्या तेरा नोटा मोजून काढल्या. मी सहा ठेवल्या, सात परत केल्या. ते घेईनात, म्हणाले ठरलेलं ते ठरलेलं. काकूंनी पुढे होऊन त्या सात नोटा माझ्या हातातून घेतल्या, पर्समध्ये टाकल्या आणि चेन लावली. मला जरा बरं वाटलं. घेतल्या नसत्या तर अवघड झालं असतं.

त्या दिवसापासून माझ्या कामाचा क्रम बदलला. फोन आला की भाव सांगायच्या आधी विचारतो: गाडी किती जुनी? नवी असेल तर पहिली काही वर्षं बहुतेक गाडी बनवणारी कंपनीच ही सोय देते, शोरूमच्या कागदात बघा. जुनी असेल तर पॉलिसी काढा, ॲड-ऑन वाचा. यानं माझ्या पार्टीच्या केसेस नक्कीच कमी झाल्या. पोऱ्या अजून कुरकुरतो.

आणि लग्नकार्यात कोणी कार्डाचं विचारलं तर आता मी हसण्यावारी नेत नाही, उलट प्रश्न करतो. गाडी शहराबाहेर किती जाते? घर ते सीताबर्डी ते घर असेल तर मेकॅनिकचा नंबर पुरे. गाडी ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक आहे? मग टोचनचा पर्याय तुम्हाला नाही, फ्लॅटबेडच लागणार, आणि तो महाग, सोय हवीच. पण ती पॉलिसीतून दोनेकशेत मिळत असेल तर वेगळे दोन हजार कशाला? वेगळं कार्ड घ्यायचंच तर मोफत किलोमीटर किती ते पाहा. पन्नासचं कार्ड शहरात शोभेचं आणि जंगलात अपुरं. वर्षातून किती वेळा वापरता येतं, बायको-मुलगा गाडी चालवत असताना चालतं का, हेही विचारून घ्या. बाकी फुकटची छत्री, मोफत टॅक्सी, सवलतीची कूपनं, यांच्याकडे पाहूच नका.

गेल्या महिन्यात मोबाइलवर कंपनीची केस पडली. मनीषनगर, बॅटरी डाउन, घराच्याच पार्किंगमध्ये. जम्प स्टार्टची, म्हणजे दुसऱ्या बॅटरीची वायर लावून गाडी सुरू करून द्यायची केस म्हणजे मला साडेतीनशे रुपये. पत्ता ओळखीचा वाटला. गेलो तर काकू दारात उभ्या. मुलानं काढलेली अठराशेची ती मेंबरशिप अजून चालू होती, संपायला नऊ दिवस राहिले होते.

"वाया जाऊ द्यायची नव्हती," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी घेऊ का रे ही?"

"नको काकू. पॉलिसीतली आहे ना."

"पक्कं?"

"पक्कं."

वायर लावली, गाडी एका सेल्फात सुरू झाली. काकूंनी कैरीचं पन्हं आणून दिलं, पोऱ्याला दोन ग्लास. मग चष्मा शोधत आत गेल्या, कारण ओटीपीशिवाय मला निघता येत नव्हतं.